अबोला कसा सुटला? तुमच्याकडचे अनुभव लिहा

रंकाळवेस
दसऱ्याचं सोनं द्यायला काल चुलत्यांच्यात गेलतो आणि जुनं सगळं आठवलं. चुलते आणि वडील एकाच वाड्यात राहून कित्येक वर्षं बोलत नव्हते. निरोप आम्हा पोरांकडनं जायचे. "तुझ्या बापाला सांग, मोटर चालूच राहिलीय." वडील दोन हातांच्या अंतरावर उभे, सगळं ऐकू येतंय, तरी मी जाऊन सांगायचं. मग ते बटण बंद करणार. एका दसऱ्याला आजीनं दोघांना अंगणात बोलावलं, हातात आपट्याची पानं दिली आणि म्हणाली, "द्या आता एकमेकाला, माझ्यादेखत." चुलते पानं पुढं करत म्हणाले, "दादा, मोटरीचा आवाज बदललाय, बेअरिंग बघाय पाहिजे." तिथनं बोलणं सुरू झालं. माफी कुणी मागितली नाही. भांडणाचं मूळ मात्र अजून तसंच आहे, त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही, आणि ते मला खुपतं. तुमच्यात कसं मिटतं?

पेठेतली_सून
सासूबाईंचा राग भांड्यांच्या आवाजावरनं कळायचा आमच्यात. ताट आदळलं की समजायचं, राग अजून हाय. शेवटी विचारलंच, आई, नेमकं कशाचं वाईट वाटलं? दुपारभर गप्प. रात्री म्हणाल्या, पाहुण्यांसमोर तू म्हणालीस पांढरा रस्सा फुटलाय. मी इतके दिवस समजत होते माहेरी पैसे दिले त्याचा राग आहे! विचारल्याशिवाय कळलंच नसतं. भाजी गॅसवर आहे, नंतर लिहिते.

गंगावेस_कट्टा
ताई, नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळी येऊ द्यायची नाही, आच बारीक ठेवून ढवळत राहायचं. विषय सोडून आहे, पण सासूबाईंना सांगा.

पेठेतली_सून
सांगितलं. म्हणाल्या, मला शिकवतोय व्हय. पण हसून म्हणाल्या.

चिखलीकर
२०१९ चा महापूर. थोरल्या भावाशी बांधावरनं वाकडं होतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका पातळी, त्या साली पाणी ५५ च्या वर गेलतं. मी पोरांना घेऊन बाहेर पडलो, मागं वळून बघतो तर भाऊ आमच्या गोठ्यातल्या म्हशींची दावी सोडतोय. तोंडानं एक शब्द नाही. सोनतळीला एकाच पत्र्याखाली राहिलो, वहिनीच्या हातचा चहा कैक वर्षांनी पिलो. पण पुरानं भांडण मिटलं असं कुणी समजू नका. पाणी उतरलं तसा बांध परत निघाला. मग दोघांनी मिळून भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज दिला, दोघं खुणांवर उभं राहिलो, आणि खुटी पडली तिथं गप्प मान्य केलं. भूकरमापक बाहेरचा माणूस, त्याचं दोघांनी ऐकलं.

बावडा_माहेर
वडील गेल्यावर हक्कसोडवर, म्हणजे हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही करायला मी नाही म्हणाले. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जितात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, ते मी भावाला शांतपणे सांगितलं. त्यानं भाऊबीज बंद केली. ओवाळणीचं ताट तयार करून ठेवायचे, तो यायचा नाही. किती रडले ते माझं मला माहीत. शेवटी लोकअदालतीत मिटलं, आता पोरं तरी एकमेकांकडं जातात.

रंकाळवेस
ताई, वाचून गलबललं.

समुपदेशक_करवीर
कामात रोज बघते म्हणून लिहिते. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं नवरा-बायकोच्या भांडणातल्या चार घातक सवयी सांगितल्यात: माणसावरच टीका, तुच्छतेनं बोलणं, सतत आपला बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. सगळ्यांत वाईट तुच्छता. गप्प बसणारा बाहेरनं थंड दिसतो, आतनं त्याची छाती धडधडत असते. म्हणून निदान २० मिनिटं बाजूला व्हावं, पण परत कधी बोलू ते सांगून. न सांगता गेलात तर समोरच्याला ती शिक्षा वाटते.

राजारामपुरी_९
अगदी! आमचे हे भांडण झालं की गाडी काढून रंकाळ्यावर. मी खिडकीत. आता दारातनं सांगून जातात, "आठला येतो, मग बोलू." आणि येतात. येताना भडंगाचा पुडा असतो, त्याला माझी ना नाही 😄

गंगावेस_कट्टा
भडंग कुठलं?

राजारामपुरी_९
जयसिंगपूरचं. दुसरं चालत नाही घरात.

नवी_पिढी_कोपू
आमच्यात ब्लू टिक दिसते आणि उत्तर येत नाही. आजीच्या काळात निदान निरोप्या पोरगं तरी होतं. मी आता भांडणाचं काही टाइप करतच नाही, फोन लावतो. आवाज ऐकला की निम्मा राग उतरतो.

उचगावकर
@बावडा_माहेर ताई, लोकअदालतीचं कुठं विचारायचं? मावशीचं अगदी असंच चाललंय, केस अजून घातलेली नाही.

बावडा_माहेर
जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. केस नसली तरी दाखलपूर्व म्हणून घेतात. मावशींना वकील मोफत मिळेल, बायकांना उत्पन्नाची अट नाही. निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळं वाचून, समजून मगच सही करा. सातबारा आणि वारसाचे कागद घेऊन जा. आणि मावशींना एकटं पाठवू नका.