गुडघ्यात बोन मॅरो इडिमा निघाला आहे : पायावर भार किती दिवस टाळावा?

नमस्कार. माझे वय ५४ आहे. दहा आठवड्यांपूर्वी जिना उतरताना डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला एकाएकी कळ आली. पाय मुरगळला नव्हता, मी पडलेही नव्हते, तरी तेव्हापासून कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावे लागते आणि रात्री कुशीवर वळल्यावर गुडघ्याला गुडघा लागला की जाग येते. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, म्हणून झीज असावी असे समजून मी पाच आठवडे उठाबशा काढत राहिले. तो शहाणपणा नडला असे आता वाटते.

अखेर एमआरआय केला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, आतल्या बाजूस, काळ्या हाडावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा भाग दिसतो. अहवालात अस्थिमज्जेची सूज (बोन मॅरो इडिमा), मेनिस्कसच्या (गुडघ्यातल्या गादीच्या) हाडाला जोडलेल्या मुळाशी फाट आणि कूर्चेखालच्या हाडात सूक्ष्म फ्रॅक्चरची शक्यता, असे तिन्ही नोंदवले आहे. ताप नाही, वजन घटलेले नाही. ड जीवनसत्त्व मात्र ११, म्हणजे बरेच कमी आहे.

एका अस्थिरोगतज्ज्ञांनी सहा आठवडे कुबड्या वापरायला सांगितले आहे, तर दुसऱ्यांनी झोलेड्रोनिक ॲसिड या हाडे विरळ होणे रोखणाऱ्या औषधाचे सलाईन सुचवले आहे. भार टाळायचा म्हणजे पाय अजिबात टेकवायचा नाही, की अर्धवट टेकवलेला चालतो? एमआरआय पुन्हा केव्हा करावा? ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : मला तीन वर्षांपूर्वी हाच त्रास झाला होता. पहिले काही आठवडे मी पाऊल नुसते जमिनीला लावत असे, आणि पुढे एकच कुबडी राहिली तेव्हा ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायला शिकवले होते. तुमच्यासाठी नेमके प्रमाण तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावे. त्या सलाईनआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढावे लागते आणि मूत्रपिंडाची तपासणीही करतात, त्यामुळे ११ या आकड्याकडे आधी पाहा, आणि हाडांच्या घनतेसाठी डेक्सा झाली नसेल तर तीही विचारा. दुखणे थांबल्यावरही एमआरआयमधला पांढरा भाग बरेच दिवस दिसू शकतो, म्हणून घाईने पुन्हा चित्र काढण्यात अर्थ नाही. मला जास्त काळजी वाटते ती मेनिस्कसच्या मुळाची. ते सुटले की गादी भार वाटून घेऊ शकत नाही आणि हाडावर दाब येतच राहतो. ते शिवता येईल का, हे गुडघ्याच्या शल्यविशारदांना एमआरआयची चित्रे दाखवून विचारा, नुसता अहवाल पाठवू नका.