अधिक ज्येष्ठ आलाय, वर्ष कसं आखताय? (अनुभव धागा)

मंडपवाला

काल दुकानात २०२६ चं नवं कालनिर्णय टांगलं. आमच्या धंद्याची खोड अशी की जानेवारी राहिला बाजूला, आधी मे उलटून बघायचा. बघतो तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. म्हणजे महिनाभर लग्नाची एकही तिथी नाही. पोटात जुनाच गोळा आला.

२०१८ ला हाच अधिक ज्येष्ठ होता, १६ मे ते १३ जून. मी आदल्या दिवाळीत कर्ज काढून ५०० खुर्च्या, ४० गाद्या-लोड आणि एक जुना टेंपो घेऊन बसलो होतो. हिशेब चोख होता. मेमध्ये इतक्या तिथी, तिथीमागे इतके सुटणार, जूनपर्यंत निम्मं कर्ज फिटणार. अण्णांनी एवढंच विचारलं, "पंचांग पाहिलंस का रे?" मी म्हटलं, अण्णा, आता एक्सेलमध्ये करतात. ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले.

वैशाख संपेपर्यंत जेवायला उसंत नव्हती. आणि मग एकदम काहीच नाही. गोडाऊनमध्ये खुर्च्यांच्या चळती माझ्याकडे बघतायत आणि मी त्यांच्याकडे. पुढच्या निज (म्हणजे नेहमीच्या) ज्येष्ठात तिथी होत्या, पण तोवर पाऊस. उघड्या मैदानावरचा मंडप कोण घेणार, सगळे हॉलमध्ये गेले. दोन हप्ते बायकोच्या भिशीतून भरले.

पण खरी आठवण वेगळीच आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी ताटावर बसलो तर लेक (तेव्हा तिसरी झालेली) कपाळाला हात लावून विचारते, "बाबा, तुम्हाला बरं नाही का?" मेमध्ये दुपारी घरी जेवणारा बाप तिने पाहिलाच नव्हता.

यंदा कर्ज नाही. त्या महिन्यात खुर्च्यांचं वेल्डिंग, कनातींची धुलाई-शिलाई, आणि ८ दिवस तिला घेऊन कोकण. आता बारावी सुरू होईल तिची. तुम्ही कसं आखता, कुठे फसलात, लिहा.

खमंग_काकू

दादा तुमचा दुष्काळ तो आमचा सुकाळ 😀 मी घरून अनारसे देते. २०२३ च्या अधिक श्रावणात ६४ घरांची ऑर्डर होती, जावयाच्या वाणाचे प्रत्येकी ३३. करा गुणाकार. पिठाची तयारी दोन महिने आधी. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, गूळ कालवून गोळे मुरत ठेवायचे. गोळे टिकतात म्हणून बरं.

नियोजन एवढं चोख की शेवटच्या दिवशी लक्षात आलं, आपल्याच जावयाला एकही उरला नाही. बाजारातून आणून दिले. लेक अजून ऐकवते. यंदा पहिला गोळा जावईबापूंच्या नावाचा.

नुसताच_वाचक

३३ च का पण?

खमंग_काकू

आमच्यात तीस नि तीन म्हणतात. कोणी तेहतीस कोटी देवांचे म्हणतं. मला ऑर्डरशी मतलब.

गणिताचा_मास्तर

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दर वर्षी ११ दिवस मागे पडतात, ते भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा. १९ वर्षांनी चक्र जवळपास तिथेच येतं. १९८८, २००७, २०२६ अधिक ज्येष्ठ. तसंच १९९९, २०१८. मंडपवाले, २०३७ आत्ताच लिहून ठेवा.

मंडपवाला

सर, २०३७ पर्यंत माझे गुडघे गेलेले असतील, त्या ५०० पैकी एक खुर्ची मलाच लागेल.

पेणची_माती

आम्हा मूर्तिकारांकडे उलटं. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला, यंदा १४ सप्टेंबरला. १८ दिवस जास्त. लोकांना वाटतं मजा आहे तुमची. पण ते दिवस पावसातले, शाडू वाळायलाच मागत नाही. उलट गिऱ्हाईक म्हणतं, वेळ आहे की, नंतर सांगतो. आणि शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम दारात.

गेल्या वर्षी तर पीओपीच्या मूर्ती करायच्या की नाहीत हेच कोर्टातून जूनमध्ये मोकळं झालं. आम्ही दिवाळी झाली की कामाला लागतो. अर्धं वर्ष हातात पैसे घेऊन नुसतं बसलो होतो, माती घेऊ की प्लास्टर. आखणी कसली डोंबल. यंदा सांगितलं, बुकिंग आषाढी एकादशीपर्यंत, निम्मे पैसे आगाऊ. दोन जुनी गिऱ्हाईकं रुसली. रुसू देत.

वहीतली_रांगोळी

माझं नियोजन म्हणजे दर वर्षी नवी डायरी. उठणे ५.३०, चालणे, दुकानाचा रोजचा गल्ला, वाचन. संक्रांतीपर्यंत अक्षर सुंदर. पुढच्या पानांवर मुलगी रांगोळीचे ठिपके काढते. अशा सहा डायऱ्या आहेत, रांगोळ्या मात्र एकीहून एक सरस.

कडक_चहा

+१. माझ्या डायरीत ३ जानेवारीला 'साखर बंद' आणि ४ जानेवारीला 'तिळगुळासाठी साखर आणणे'.

आकडेमोड

सगळ्यांचं वर्ष पाडव्याला नाहीतर जानेवारीत सुरू होतं, आमचं १ एप्रिलला. माझे लहान धंदेवाले अशील एकच चूक करतात. सीझनचा पैसा आला की तो सगळा आपला समजतात. आगाऊ कराच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. अंदाजे नफ्यावर कर भरणाऱ्यांना एकदाच, १५ मार्चला. मंडपवाल्यांचे पैसे मेमध्ये येतात आणि कर मार्चमध्ये. मधल्या दहा महिन्यांत ते खुर्च्या होऊन बसतात :) आल्या पैशातला एक भाग वेगळ्या खात्यात टाका, त्याचं एटीएम कार्डच घेऊ नका.

आणि पीपीएफमध्ये टाकणारच असाल तर ५ एप्रिलच्या आत टाका, नाहीतर त्या महिन्याचं व्याज गेलं. दर वर्षी सांगतो, दर वर्षी ६ तारखेला फोन येतो.

मंडपवाला

खुर्च्या होऊन बसतात हे काळजाला लागलं साहेब. ते कार्डाचं करतो. अजून एक, एका मोठ्या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाचा मंडप दिला होता, चार महिने झाले पैसे नाहीत.

आकडेमोड

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) आहे का? लघु-सूक्ष्म असाल तर लेखी करार नसेल तेव्हा १५ दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त ४५. त्याहून उशीर केला तर पैसे देईपर्यंत तो खर्च त्यांना आयकरात धरता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, मार्च जवळ आला की त्यांचाच अकाउंटंट फोन करतो.

सुई_दोरा

ब्लाउज शिवते. दोन वर्षं झाली, आईचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार. तेव्हापासून वर्ष आखणं सोडलं, आठवडा आखते. शटरवर खडूने लिहिलंय, 'मंगळ-शुक्र ४ नंतर'. आधी वाटलं गिऱ्हाईक तुटेल. एक-दोन तुटली. बाकीच्या आता ४ ला येतात आणि आधी आईचं विचारतात, मग माप देतात. लग्नाचे ब्लाउज मात्र घेत नाही, तारीख चुकली तर आयुष्यभराचं बोलणं. धागा चांगला आहे, एवढंच.

खमंग_काकू

सुई_दोरा, काळजी घे गं बाई. स्वतःची पण.

परदेशी_चिवडा

न्यू जर्सीत जावई आहे मी (म्हणजे कोणाचातरी). २०२३ ला सासूबाईंनी ३३ अनारसे कुरियरने पाठवले. पोचले ते अनारशाचं पीठ. फोनवर मात्र सांगितलं, अप्रतिम. दुधात घालून खाल्लं, खोटं नव्हतं.

नव्याने_सून

काकू अवांतर आहे पण माझे तळताना हसतात, तुपात विरघळूनच जातात. काय चुकतं?

खमंग_काकू

गूळ जास्त झालाय. थोडं तांदळाचं पीठ मळून एक दिवस ठेव. खसखशीची बाजू वर, आच मंद, उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पहिला एकच टाकून बघ, हसला तर थांब.

कलमांचा_मालक

देवगड. आमचं कॅलेंडर झाडावर. थंडी पडली की मोहोर, मोहोर आला की तुडतुडे, मग फवारणी, मग कर्ज. २ पेट्यांचा अंदाज करावा तर अर्धी हातात येते. म्हणून दोन खोल्या बांधल्या आहेत, पर्यटकांवर औषध मारावं लागत नाही.

मंडपवाले, १७ मे नंतर येणार असाल तर आंबा सरत आलेला असेल. अलीकडे या. आणि आत्ताच बोला, मेमध्ये खोल्या राहत नाहीत.

मंडपवाला

अलीकडे कसं येऊ, अलीकडे तर तिथी आहेत ना! आंबा नसला तरी चालेल, १८ ते २५ धरा. थांबा, लेकीला विचारून सांगतो.

मंडपवाला

विचारलं. तिचा बारावीचा क्लास १८ मेपासून सुरू. म्हणते, "बाबा, तुम्ही आधी सांगायचं ना."

आकडेमोड

पंचांग पाहिलंत का?