मॅग्नोलिया यंदा वाचला का? वसंतातली फुलझाडं आणि उशिरा येणारा फ्रॉस्ट: आपापले अनुभव लिहा

शिकागोच्या आसपास राहणाऱ्यांना हे नवीन नाही. मार्चअखेर चार दिवस असे गरम जातात की शेजारपाजारचे सगळे शॉर्ट्सवर अंगणात, मॅग्नोलियाच्या केसाळ कळ्या फुगायला लागतात, आपण रोज कॉफीचा मग घेऊन झाडापाशी जाऊन येतो, आणि मग एप्रिलमध्ये एका रात्रीत पारा उणे चारवर. सकाळी अख्खं झाड तपकिरी. नवरा म्हणतो काढून टाक ते झाड, दरवर्षी तुझा मूड जातो.

मला ते काही पटत नाही. झाड मरत नसतं, त्या वर्षीची फुलं जातात, आणि तीही सगळी नाही जात. करपलेल्या झाडाकडे नीट जवळ जाऊन बघा. पूर्ण उमललेली फुलं मेलेली असतात, अर्धवट उघडलेल्या कळ्यांची बाहेरची पाकळी गेलेली असते, पण ज्या कळ्यांनी करडं केसाळ टोपडं अजून काढलेलं नसतं त्या बऱ्याचदा ठणठणीत असतात आणि आठवड्याभराने फुलतात.

माझ्याकडे दोन आहेत. एक स्टार मॅग्नोलिया, घराच्या आधीच्या मालकांनी दक्षिणेच्या भिंतीला चिकटून लावलेला, तिथे ऊन साठतं म्हणून तो सगळ्यात आधी जागा होतो आणि सगळ्यात आधी मार खातो. दुसरी मी लावलेली 'जेन', मुद्दाम उत्तरेच्या बाजूला. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये (सरकारी वृक्षोद्यान) १९५० च्या दशकात आठ संकर तयार केले, सगळ्यांना मुलींची नावं: ॲन, बेटी, जेन, जूडी, पिंकी, रँडी, रिकी, सुझन. स्टार आणि सॉसर मॅग्नोलियापेक्षा या जाती दोन ते चार आठवडे उशिरा फुलतात, मुळात त्यासाठीच केलेल्या. नवीन लावणाऱ्यांनी यातलीच एखादी घ्यावी असं माझं स्पष्ट मत.

तर तुम्ही कुठे राहता, काय लावलंय, काय टिकलं, फ्रॉस्टच्या आदल्या रात्री काय करता की काहीच करत नाही, सगळं लिहा. फक्त 'कॅलिफोर्नियाला या' हा सल्ला नको :)

– धागाकर्ती, रानजाई

*

पानगळ (व्हर्जिनिया):

आमच्याकडे झाड नाही, पाहुणे आहेत. आईबाबांना चेरी ब्लॉसम दाखवायचा म्हणून तिकिटं जानेवारीतच काढावी लागतात आणि झाडांनी काय ठरवलंय ते तेव्हा कुणालाच माहीत नसतं. पीक ब्लूम म्हणजे वॉशिंग्टनच्या टायडल बेसिन तळ्याकाठची ७० टक्के योशिनो जातीच्या चेरीची फुलं उघडली तो दिवस, आणि तो १९९० मध्ये १५ मार्चला आला होता, १९५८ मध्ये १८ एप्रिलला. आता काढा तिकीट!

आम्ही नेमके २०१७ मध्ये. फेब्रुवारी गरम गेला, कळ्या पुढे सरकल्या, आणि मार्चच्या मध्यावर कडक थंडी पडली. योशिनोच्या साधारण निम्म्या कळ्या गेल्या. ज्या उमलायच्या बेतात होत्या त्याच गेल्या, मागे राहिलेल्या आळशी कळ्या वाचल्या. मला वाटलं बाबा नाराज होणार, तर ते म्हणाले अगं हे आपल्या हापूसच्या मोहोरासारखंच झालं, पहिला मोहोर पावसाने गेला तर दुसऱ्यावर भिस्त. आणि निम्म्या फुलांमध्येसुद्धा ते जे फिरलेत, मीच दमले. एकेका झाडाखाली उभं राहून '१९१२ साली टोकियोच्या मेयरने तीन हजार झाडं पाठवली' हे मला पुन्हापुन्हा सांगत होते, पाटीवर वाचलेलं.

टीप: योशिनो हुकली तर ईस्ट पोटोमॅक पार्कात जा. तिथे क्वानझान जातीची झाडं आहेत, गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची, योशिनोनंतर साधारण दोन आठवड्यांनी फुलतात. गर्दी पण कमी.

*

द्राक्षबाग (मिशिगन):

मी मूळचा निफाडचा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की मणी तडकतात, म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या आणि पहाटे ठिबक चालू, लहानपणी हे सगळं केलंय. त्यामुळे इथे ग्रँड रॅपिड्सजवळ सफरचंदाच्या बागांच्या शेजारी घर घेतलं तेव्हा पहिल्या वसंतात मध्यरात्री हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज आला, बायको घाबरून उठली, मी म्हटलं झोप, हा पंखा आहे. उंच खांबावरचा मोठा पंखा. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री गार हवा जमिनीलगत साचते आणि तिच्यावर थोडी उबदार हवा तरंगत असते, ती वरची हवा पंखा खाली ओढतो. दोन-तीन डिग्रीचा फरक पडला तरी पुष्कळ, कारण सफरचंद पूर्ण फुलात असताना उणे २.२ सेल्सियसला साधारण १० टक्के फुलं मरतात आणि उणे ३.९ ला ९० टक्के. एवढ्याशा अंतरात वर्षाची कमाई असते. पण उत्तरेकडून वारंच गार आलं तर पंखा काही करू शकत नाही, मग वर उबदार हवा उरतच नाही.

२०१२ इथल्या कुणालाही विचारा, अजून चेहरा पडतो. मार्चमध्ये ८० फॅरनहाइटच्या वर दिवस गेले, झाडं महिनाभर आधी फुलली, आणि एप्रिलमध्ये एकामागून एक फ्रॉस्ट. राज्याचं सफरचंदाचं पीक नेहमीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं, आंबट चेरीचंही तेच. काकांना फोनवर सांगितलं तर लगेच, 'अरे मग धूर केला नाही का? पाणी सोडलं नाही का?' आता त्यांना काय सांगू, काही जण खरंच पाणी सोडतात, तुषार चालू ठेवून कळ्यांवर बर्फ गोठवतात, कारण पाणी गोठताना उष्णता देतं आणि कळी शून्याच्या आसपास राहते. फक्त उन्हाने बर्फ वितळायला लागेपर्यंत ते थांबवायचं नाही, मधेच बंद पडलं तर आगीतून फुफाट्यात.

तरी मे महिन्यात त्या टेकड्यांवरून गाडी चालवून बघा कधीतरी. पांढरं, त्यात पुसट गुलाबी, आणि मधमाशांच्या पेट्या ओळीने. मुद्दाम लांबच्या रस्त्याने ऑफिसला जातो मी त्या दिवसांत.

*

सुतीसाडी (मिसिसागा):

इथे नियम एकच, व्हिक्टोरिया डेच्या (मेच्या उत्तरार्धातली कॅनडाची सुट्टी) आधी काही नाजूक बाहेर काढायचं नाही. पण लावलेली झुडपं थोडीच ऐकतात.

माझी झाकायची पद्धत: सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या. नऊवारी असेल तर सोन्याहून पिवळं, एका साडीत अख्खं हायड्रेंजिया बसतं, पदर जमिनीपर्यंत सोडायचा म्हणजे मातीची ऊब आत राहते, कडेला विटा. कपड्यांचे चिमटे वर. संध्याकाळी अंधार पडायच्या आत झाकायचं, सकाळी ऊन आलं की काढायचं. प्लास्टिक पानांना टेकलं की तिथेच करपतं त्यामुळे प्लास्टिक नको. मोठ्या झुडपात ख्रिसमसच्या जुन्या पद्धतीच्या माळा सोडल्या तर थोडी ऊब मिळते, पण त्या तारेच्या बल्बवाल्या, एलईडीने नुसता उजेड पडतो. समोरच्या काकूंनी विचारलं होतं की हे काही धार्मिक आहे का, मी हो म्हटलं, कोण एवढं समजावत बसणार!

एक गोष्ट मात्र सांगते. निळी-गुलाबी मोठ्या पानांची हायड्रेंजिया गेल्या वर्षीच्या फांदीवर कळ्या धरते, त्यामुळे मे महिन्यातला एक फ्रॉस्ट आणि वर्षभर नुसती हिरवी पानं. पॅनिकल हायड्रेंजिया आणि ॲनाबेल त्याच वर्षीच्या नवीन फांदीवर फुलतात, त्यांना वसंतातल्या थंडीचं काही सोयरसुतक नाही. नर्सरीत विचारूनच घ्या, लेबलवर नेहमी लिहिलेलं नसतं.

*

ओसरी (न्यू जर्सी):

रेडबडबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही अजून? पानं यायच्या आधी सरळ खोडातून, जुन्या जाड सालीतून फुलं फुटतात, जांभळट गुलाबी, एकेक फूल तुरीच्या फुलाएवढं. आपल्या आपट्याच्या आणि कांचनच्या जवळच्या नात्यातला आहे हा, फक्त पान आपट्यासारखं दुभंगलेलं नसून बदामी. तरी दसऱ्याला आमच्या इथल्या मंडळात हीच पानं वाटतो, पिवळी व्हायला लागलेली, म्हणजे 'सोनं' जरा जास्तच शोभतं. फुलं खाताही येतात, किंचित आंबट, काकडीच्या कोशिंबिरीवर टाकली की पाहुणे आधी फोटो काढतात. फ्रॉस्टने कोवळी पानं कधीकधी मलूल होतात, फुलं मात्र माझ्याकडे तरी टिकतात. टेनेसीकडच्या कलीग्ज उशिराच्या थंडीला 'रेडबड विंटर', मग 'डॉगवुड विंटर', मग 'ब्लॅकबेरी विंटर' म्हणतात, म्हणजे कुठलं झाड फुलात असताना थंडी आली त्यावरून नाव. थंडीलाही कॅलेंडर आहे म्हणायचं.

आणि कृपा करून ब्रॅडफर्ड पेअर लावू नका. लवकर फुलतो, पांढराशुभ्र दिसतो, आणि सडक्या मासळीचा वास! रानात पण पसरतो, ओहायोने २०२३ पासून विक्रीच बंद केली, मग पेनसिल्व्हेनिया, साउथ कॅरोलायना.

*

हिमरेघ (मिनेसोटा):

तुमचा उशिराचा फ्रॉस्ट म्हणजे आमचा नेहमीचा एप्रिल. इथे मी काही झाकत नाही, जे जगेल तेच लावायचं. फोर्सिथियाची गंमत: बर्फात बुडालेल्या खालच्या फांद्या पिवळ्याधमक आणि वरच्या कोऱ्या, कारण वरच्या कळ्या हिवाळ्यातच मेल्या. स्वतः नवीन घेताना 'नॉर्दर्न सन' किंवा 'मेडोलार्क' घ्या, त्यांच्या कळ्या तग धरतात. अझेलिया हवी तर 'नॉर्दर्न लाइट्स', इथल्या विद्यापीठानेच १९७८ पासून काढलेल्या जाती, कळ्या उणे ३० फॅरनहाइटही सोसतात. आणि विच हेझल! थंडी पडली की पाकळ्या गुंडाळून घेते, ऊन आलं की परत सोडते.

*

खिडकी (श्टुटगार्ट):

इथे शेजारच्या आजी 'बर्फाळ संत' संपेपर्यंत जिरेनियम बाहेर ठेवू देत नाहीत. ११ ते १५ मे: मामेर्टुस, पांक्राटियस, सर्व्हाटियस, बोनिफाटियस आणि शेवटी 'थंड सोफी'. दुसरी प्रथा फार आवडते, ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, चेरीच्या फांद्या कापून घरात पाण्यात ठेवायच्या, नाताळपर्यंत फुलतात. तिथे फ्रॉस्टचा काही संबंधच नाही.

*

कुलूपकिल्ली (लीड्स):

कमेलिया पूर्वेकडे तोंड करून लावू नका एवढंच. गोठलेल्या कळीवर थेट सकाळचं ऊन पडलं की ती झपकन वितळते आणि तपकिरी होते. पश्चिमेला किंवा उत्तरेला लावली की हळूहळू वितळते, वाचते.

*

पानगळ:

@रानजाई, फ्रॉस्टच्या आदल्या संध्याकाळी मॅग्नोलियाच्या फांद्या कापून घरात आणल्या तर फुलतात का? मैत्रिणीच्या दारात झाड आहे, आजच्यासाठी फ्रीझ वॉर्निंग आलीय.

*

रानजाई:

फुलतात की, दरवर्षी आणते. पण उमललेली नको, दोन दिवसांत पाकळ्या टेबलावर. टोपडं फाटून आतला गुलाबी नुकता दिसायला लागलाय अशा कळ्या घे, फांदी तिरकी काप, कोमट पाण्यात ठेव, हीटरच्या झोताजवळ नको, पाणी रोज बदल. आणि फार कापू नकोस, पुढच्या वर्षीचं झाडही मैत्रिणीचंच आहे. काळोख व्हायच्या आत जा.