लंडन ते रोम विमान: जाताना साडेतीन तास, येताना पावणेदोन?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

आम्ही रेडिंगला असतो. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत, त्यांना चार दिवस रोम दाखवायचं आहे. दोघांचे शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारे, मुंबईतूनच काढून झालेत (इंग्लंडच्या व्हिजिटर व्हिसावर इटलीत जाता येत नाही, हे वेळेत कळलं म्हणून वाचलो). घोडं अडलंय ते विमानाच्या वेळांपाशी.

लंडन-रोम हवाई अंतर साधारण 1,430 कि.मी. विमान ताशी 800 कि.मी.ने गेलं तर पावणेदोन तास. पण लंडनच्या हीथ्रोहून 10:40 ला निघून रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर पोचायची वेळ 14:15, म्हणजे साडेतीन तासांच्या वर. परतीचं 15:10 ला निघून 16:55 ला हीथ्रोला! बाबा फोनवर म्हणाले, "येताना खंबाटकीसारखा उतार असेल."

आईचे गुडघे फार वेळ बसलं की धरतात, म्हणून नक्की किती वेळ ते कळायला हवं. शिवाय स्टॅनस्टेड-चियाम्पिनो (लंडन आणि रोमचे दुसरे विमानतळ) तिकीट माणशी 40 पौंडांनी स्वस्त दिसतंय. घ्यावं का?

प्रतिसाद 1
दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. रोम लंडनच्या एक तास पुढे. दोन्हीकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकदमच बदलतात, त्यामुळे हा फरक बारा महिने तेवढाच. म्हणजे जाताना 2 तास 35 मिनिटं, येताना 2 तास 45. वरची दहा मिनिटं बहुतेक पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याची. बाबांचा उतार खरं तर जातानाच आहे!
तुमच्या पावणेदोन तासांत एक राहिलं: तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. हीथ्रोला धावपट्टीच्या रांगेतच पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि चढताना-उतरताना वेगही कमी असतो.

प्रतिसाद 2
स्टॅनस्टेडच्या नादी लागू नका. तुम्ही लंडनच्या पश्चिमेला, ते ईशान्येला. सामान आणि दुखरे गुडघे घेऊन अख्खं लंडन ओलांडणार का? चियाम्पिनो रोमपासून 15 कि.मी. आणि फ्युमिचिनो 30, हे खरं. पण फ्युमिचिनोहून लिओनार्डो एक्सप्रेस 32 मिनिटांत थेट रोमच्या मुख्य तेर्मिनी स्टेशनात सोडते.
काकूंसाठी व्हीलचेअर सांगून ठेवा, किमान 48 तास आधी. पैसे पडत नाहीत. इंग्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे रोमला पासपोर्टची रांग लागतेच. उभं राहणं वाचेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! हीथ्रोचंच काढलं, आईला कडेची सीट मिळाली. व्हीलचेअरचं नाव काढल्यावर मात्र "मी काय आजारी आहे का?" असं सुरू झालंय. यावर कुणाकडे उपाय असेल तर तोही सांगा.