ऑपरेशननंतर सिस्टर रात्रभर उठवतात, एवढं गरजेचं असतं का?

पावसाळी_ढग:
बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, आज दुपारी रिकव्हरी रूममधून वॉर्डात आणलं. तेव्हापासून सिस्टरांच्या फेऱ्या चालूच आहेत, आधी पंधरा-पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, आता तासाने. बीपी घेतात, छातीकडे बघत घड्याळ धरून उभ्या राहतात, नावाने हाक मारून उठवतात, पाठीखाली हात घालून बघतात. बाबांचा जरा डोळा लागला की परत कोणीतरी हजर, पार वैतागलेत ते. बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावलेली आहेच, आकडा ९७ दाखवतोय, मग माणसाला उठवायचं कशाला? आजची रात्र चार तास सलग झोपू द्या असं सिस्टरना सांगितलं तर चालेल का?

रात्रपाळी_सिस्टर:
ताई, कृपा करून आज रात्री तसं सांगू नका. मी सर्जिकल वॉर्डातच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो ९७ चा आकडा बाबांना नळीने ऑक्सिजन चालू असताना आलेला असेल तर त्याच्यावर एकट्यावर भरवसा ठेवता येत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून बऱ्याचदा मॉर्फिनच्या जातीची औषधं देतात, त्याने श्वास मंदावतो. श्वास मिनिटाला ८ वर आला तरी बाहेरून ऑक्सिजन मिळतोय म्हणून क्लिप चांगलाच आकडा दाखवत राहते आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, माणूस गुंगीत जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं किती शांत झोपलेत, घोरतायत पण छान. म्हणून आम्ही पूर्ण एक मिनिट छाती वर-खाली होताना मोजतो. मोठ्या माणसाचा श्वास साधारण १२ ते २० हवा. आणि हाक मारतो ती गप्पा मारायला नाही, हाकेला डोळे लगेच उघडतात की हलवावं लागतं, बोलणं नेहमीसारखं आहे की अडखळतंय, हे बघायला. झोपलेला माणूस आणि औषधाच्या गुंगीतला माणूस लांबून सारखाच दिसतो हो.

पाठीखाली हात घालतात त्याचंही कारण आहे. जखमेतून रक्त येत असेल तर ते उताराने खाली जातं, वरचं ड्रेसिंग कोरडं आणि पाठीखालची चादर ओली असं होऊ शकतं. ड्रेसिंगवर डाग दिसला तर आम्ही पेनाने त्याच्या कडेने रेघ मारून वेळ लिहितो, पुढच्या फेरीला डाग रेघेबाहेर गेला की लगेच कळतं. आतल्या आत रक्तस्राव असेल तर बीपी बराच वेळ ठीक राहू शकतं, आधी पल्स चढते. ८८, मग १०२, मग ११६ असे आकडे ओळीने दिसले की बीपी पडायची वाट न बघता डॉक्टरांना फोन जातो. एकच आकडा बघून यातलं काही कळत नाही, आधीचा आणि नंतरचा लागतोच, आणि चार तासांच्या फेऱ्या चुकल्या की मधलं सगळंच गेलं.

लघवीच्या पिशवीकडेही लक्ष असतं. किलोमागे तासाला अर्धा मिली असा साधारण हिशोब धरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला तासाला ३५ मिली. त्याच्या खाली सतत राहिलं तर पाणी कमी पडतंय, रक्त जातंय, किडनीवर ताण येतोय की नुसती नळी अडकलीय, ते शोधावं लागतं.

साधा_माणूस४२:
तुमच्याकडे सिस्टर येतायत हेच नशीब समजा ताई. आमच्या काकांच्या वेळी अख्ख्या वॉर्डाला रात्री एकच सिस्टर होती, बिचारी पळत होती नुसती. बेल वाजवली तरी यायला वेळ लागायचा आणि तिला बोलायची सोयच नव्हती, एकटी कुठे कुठे पुरणार?

शिकवते_नर्सिंग:
साधा_माणूस, तुम्ही मुद्द्याचं बोललात. नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांमधल्या ऑपरेशनच्या पेशंटचा अभ्यास केला होता. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू व्हायची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त असा संबंध दिसला. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांत बघितलं तेव्हाही तेवढाच आकडा आला. ऑपरेशन उत्तम झालं तरी नंतर गुंतागुंत होऊ शकते, ती वेळेत कोणाच्या लक्षात आली का यावर पुढचं बरंच ठरतं, आणि चोवीस तास पेशंटजवळ असते ती नर्सच. नर्सची संख्या कमी करून खर्च वाचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पेशंटची तब्येत बिघडतेय हे वेळेत कळावं म्हणून ब्रिटनमध्ये २०१२ पासून गुणांचा तक्ता आहे, २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन, पल्स, वरचं बीपी, ताप, शुद्ध, प्रत्येकाला गुण, आणि बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर त्याचेच वेगळे २. बेरीज ५ झाली की तातडीने तपासणी, ७ झाली की इमर्जन्सी. याचा मोठा फायदा असा की नवीन नर्सलाही रात्री दोन वाजता सीनियर डॉक्टरांना उठवायला संकोच वाटत नाही, हातात आकडा असतो.

पावसाळी_ढग:
बापरे, हे कोणीच समजावून सांगितलं नव्हतं. नाही सांगत मग झोपू द्या म्हणून. बाबांना सांगितलं तर तेही जरा शांत झाले. आम्ही घरच्यांनी काय करायचं पण? त्यांच्या हातात दुखण्याच्या औषधाचं बटण दिलंय, झोपेत कण्हतात तेव्हा मी दाबू का?

रात्रपाळी_सिस्टर:
अजिबात नको! ते बटण फक्त बाबांनीच दाबायचं. गुंगी जास्त झाली की माणसाचा स्वतःचाच हात बटणाकडे जात नाही, म्हणून पुढचा डोस आपोआप थांबतो, तीच त्यातली सुरक्षा आहे. दुसऱ्याने दाबलं की ती गेली. कण्हत असतील तर सिस्टरना हाक मारा.

तुमचा खरा उपयोग म्हणजे बाबा एरवी कसे असतात ते तुम्हाला माहितीय, आम्हाला नाही. अचानक असंबद्ध बोलायला लागले, नळ्या ओढायला लागले, तर वय झालंय म्हणून सोडून देऊ नका, "हे असे नाहीत" एवढं सांगा, आम्ही बघतो. एकाच पायाची पोटरी दुखतेय किंवा सुजलीय, धाप लागतेय, छातीत दुखतंय, हे तर फेरीची वाट न बघता सांगायचं. पाणी विचारूनच द्या. पहिल्यांदा बेडवरून उठवताना सिस्टर हव्यातच, उभं राहिल्यावर बीपी एकदम पडतं आणि माणूस तिथेच कोसळतो. पण उठायचंय सांगितल्यावर टाळू देऊ नका, पडून राहिलं की फुप्फुसात कफ साठतो आणि पायात गुठळी व्हायची भीती वाढते. खोल श्वास घ्यायला आणि खोकायला लावा, खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, टाक्यांवर ताण कमी येतो.

आकडे स्थिर राहिले की फेऱ्या तासावरून चार तासांवर जातात, तेव्हा झोप मिळेल त्यांना. उद्या राउंडला विचारून घ्या.