खेळवेडी आई, खेळवेडी बायको: तुमच्या आठवणी लिहा

बाई गेली की लोक म्हणतात, फार मायाळू होती, सगळ्यांचं केलं. ते खरंच असतं. पण माझ्या आईचा खेळाचा नाद त्यात कुठेच येत नाही, आणि तो वगळला तर ती माझी आई उरत नाही. तुमच्याकडे अशी कुणी असेल तर लिहा. मी सुरुवात करते.

आई क्रिकेटचा स्कोअर वहीत मांडायची. रेडिओ चालू, मांडीवर वही, पेन्सिलीला नवं टोक. निर्धाव षटकाची सहा टिंबं जोडून 'एम' काढायची. त्यात बळी मिळाला असेल तर त्याचाच 'डब्ल्यू' व्हायचा. हरणाऱ्यावर तिचा फार जीव. १९९३च्या विम्बल्डन फायनलमध्ये याना नोवोत्ना तिसऱ्या सेटला ४-१ पुढे असून स्टेफी ग्राफकडून हरली आणि बक्षीस देणाऱ्या, ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर रडली. आई ग्राफची चाहती, पण डोळे पुसत होती नोवोत्नासाठी. १९९८ला नोवोत्ना जिंकली तेव्हा तिने मला होस्टेलवर फोन केला, "अगं, आपली जिंकली!" पुढे माझी हातातोंडाशी आलेली नोकरी गेली, तेव्हा जवळ घेऊन तिने एवढंच विचारलं, "पुढची मॅच कधी?"

*

माझी आई खो-खोची. हूल कशी द्यायची ते तिने आम्हा भावंडांना खुर्च्या मांडून शिकवलं. साठीनंतरही नातवंडांच्या हाती लागायची नाही.

*

सासूबाईंबरोबर २०१७ची महिला विश्वचषक फायनल पाहिली होती. आपल्यापुढे २२९चं लक्ष्य, ३ बाद १९१, आणि तिथून २१९ला सगळ्या बाद. मी टीव्ही बंद करायला उठले तर म्हणाल्या, "बस गं. त्यांना एकट्या नको सोडू." बक्षीस समारंभ संपेपर्यंत आम्ही बसलो. २ नोव्हेंबर २०२५ला विश्वचषक फायनलमध्ये आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, तेव्हा त्या नव्हत्या. मी आणि लेक खूप ओरडलो, त्यांच्या वाटचंही. लेक ऑफस्पिन टाकते. शिवणीवर बोटं कशी ठेवायची ते आजीनेच दाखवलेलं.

*

बायकोबद्दल लिहितो. आम्ही बॅडमिंटनची मिश्र दुहेरी खेळायचो, नेटपाशी ती, मागे मी. मुलं झाल्यावर खेळ सोडायचा असतो असं तिला बरेच जण सुचवत. ती हसून ऐकायची आणि रॅकेट घेऊन निघायची. मुलांना कोर्टाच्या कडेला अभ्यासाला बसवायची.

स्तनाच्या ऑपरेशननंतर हात वर जाईना. भिंतीवरून बोटं हळूहळू वर चालवायचा व्यायाम होता. बोटं जिथवर पोचत तिथे ती पेन्सिलीने रेघ मारायची, आणि कालच्या रेघेच्या वर गेली की आतून मला हाक, "आज पॉइंट माझा!" बॅडमिंटनची सर्व्हिस खालून, म्हणून ती आधी जमली. स्मॅशला फार वेळ लागला, पण मारला.

आजार परतायच्या थोडं आधी ती मुलीशी एकेरी खेळली आणि हरली. शेवटचं शटल रेषेवर पडलं की बाहेर, यावर दोघींचं रात्री जेवतानाही चालूच. मुलगी आजही बाहेर म्हणते. मी तिथेच उभा होतो. रेषेवर होतं.