पीजी विभागांतला आयक्यूएसी: गुणवत्तेसाठी की फायलींसाठी?

कृष्णाकाठ (सांगली):
मी पाहिलेल्या पदव्युत्तर विभागांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आपला आयक्यूएसी, नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेसाठी, कागद गोळा करण्यापलीकडे फारसं काही करत नाही. एक्यूएआर, म्हणजे नॅकला द्यायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, भरायची वेळ आली की जिओटॅग फोटो शोधा, हजेरीपट जोडा, इतर संस्थांशी केलेले, मुदत संपलेले एमओयू (सामंजस्य करार) ताजे करा. प्रोजेक्ट पोरानं स्वतः लिहिलाय का, तोंडी परीक्षेत त्याला काय विचारलं, हे कोण बघतं?

नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांची पीजी ८८ क्रेडिटची झाली. त्यात ४ क्रेडिट ऑन जॉब ट्रेनिंगचे. सांगलीत जागांची वानवा नाही: मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, कुपवाडची एमआयडीसी, साखर कारखाने, मिरजेची हॉस्पिटलं. पण एमकॉमची पोरं ओळखीच्या ऑफिसातून सही-शिक्का आणतात आणि कागदावर 'उद्योगाशी जोडणी' पूर्ण होते. पोरगं आलं होतं का, केलं काय, एवढं विचारायला कक्षातलं कुणी यार्डात गेलेलं मला तरी माहीत नाही. पीजीपुरतं कक्षानं प्रोजेक्ट आणि ट्रेनिंग एवढंच नीट तपासावं, बाकीचं गुंडाळावं.

माजी समन्वयक (सातारा):
साफ असहमत. फायलींना नावं ठेवणं सोपं असतं. आमच्याकडे एमएस्सी झालेली मुलं पुढे कुठे जातात, याची नोंदच नव्हती. नॅकच्या पाचव्या निकषासाठी (त्यात विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल विचारतात) फोन करकरून ती जमवली, तेव्हा कळलं की केमिस्ट्रीची बरीच मुलं औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, लागतात आणि तिथे पहिल्या दिवशी एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र समोर येतं. आमच्या मुलांनी ते फक्त पुस्तकात पाहिलेलं. मग शेजारच्या कॉलेजशी बोलून त्यांच्या मशीनवर प्रॅक्टिकल लावली. तो तक्ता नॅकनं मागितला नसता तर आम्ही भरलाच नसता. तुम्ही जे गुंडाळायला सांगताय, त्यातलंच हे.

तासिकेवरचा:
सर, तक्ता भरला कोणी, तेही लिहा की. बऱ्याच ठिकाणी पीजी विनाअनुदानित, शिकवणारे आम्ही तासिका तत्त्वावरचे. मानधन तासाचं, नॅकच्या निकष दोन आणि तीनचं लिखाण फुकट. मंजूर पदं किती, भरलेली किती, हा आकडा नॅकही विचारतं. कक्षाच्या इतिवृत्तात रिक्त पदांवर दोन कडक ओळी कधी दिसतात का? तिथे 'सन्माननीय अध्यक्षांनी समाधान व्यक्त केले'.

एमए भाग दोन:
नियमानं कक्षाची बैठक दर तिमाहीला व्हायला हवी आणि त्यात विद्यार्थीही सदस्य असतो. आमच्या सीआरला (वर्गप्रतिनिधीला) फोटोच्या दिवशी बोलावलं होतं, बाकी काही नाही. फीडबॅक फॉर्म आम्ही भरतो तेव्हा मॅडम शेजारीच उभ्या. सगळ्यांना 'उत्कृष्ट'.

कृष्णाकाठ:
समन्वयक सर, एक तक्ता कामी आला म्हणून शंभर तक्ते माफ होत नाहीत. २०१७च्या नव्या पद्धतीपासून सुमारे ७० टक्के मूल्यमापन आकड्यांवर गेलं, तेव्हापासून आकडे 'तयार' करण्यातच हुशारी खर्च होते. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचेच्या आरोपाखाली सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीतल्याच लोकांना अटक केली. ज्या श्रेणीसाठी हा आटापिटा, तिची ही अवस्था.

माजी समन्वयक (सातारा):
ती बाहेरून आलेली समिती होती, तिचा राग घरच्या कक्षावर कशाला? उलट बाहेरच्या श्रेणीवर भरवसा उरत नसेल तर आतली तपासणीच पक्की हवी. फीडबॅकचं मात्र मान्य. फॉर्म मोबाइलवर, नाव न घेता, वर्गाबाहेर भरून घ्यावेत. आमच्याकडे तसं केलं तेव्हा 'उत्कृष्ट' एकदम कमी झाले आणि दोन प्राध्यापक माझ्याशी बोलेनासे झाले.

कृष्णाकाठ:
मग ती आतली तपासणी खरंच करून दाखवूया. साताऱ्याच्या विभागाचे प्रोजेक्ट नावं झाकून सांगलीत वाचायचे, सांगलीचे साताऱ्यात. शेरे दोन्ही कॉलेजांच्या संकेतस्थळावर, इतिवृत्ताशेजारीच.

माजी समन्वयक (सातारा):
वाईट शेरा जाहीर करायला कुठली संस्था तयार होईल? प्रवेश आधीच घटलेत. शेरे विभागापुरते ठेवलेत तर मी उद्या प्राचार्यांशी बोलतो.

तासिकेवरचा:
बोला जरूर. फक्त ते प्रोजेक्ट वाचणार कोण आणि दर प्रोजेक्टमागे मानधन किती, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. नाहीतर मे महिन्यात तो गठ्ठा आमच्याच टेबलावर यायचा.